पुसलेली रेघ

माझ्या नाकावर राग असतो हे आमच्या निपाणीच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. पीएचडीसाठी बंगळूरला आले, तेव्हा मल्लेश्वरमच्या आमच्या प्रयोगशाळेलाही ते आठवड्याभरात कळलं. माझे मार्गदर्शक सर म्हणायचे, हिला गॅमा किरणांचे स्फोट शोभतात, क्षणात भडकते आणि क्षणात विझते. मला ते मुळीच आवडायचं नाही. एक तर सगळेच स्फोट क्षणात विझत नाहीत, आणि माझा रागही विझत नाही.

आमचं काम म्हणजे मोजायचं. दूर कुठे तरी एखादा तारा कोसळतो, किंवा दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळतात, गॅमा किरणांचा लोट निघतो, आणि उपग्रहावरचं यंत्र क्षणाक्षणाला किती किरण आले ते टिपत राहतं. आलेख काढला की त्यात सुळका दिसतो. तो किती वेळ टिकला आणि किती तेजस्वी होता, एवढंच सांगायचं. पण यंत्र एरवीही गप्प नसतं. आकाशातून सतत काही ना काही येतच असतं, आणि उपग्रह फिरेल तसं तेही कमीजास्त होतं. त्याला आम्ही पार्श्वभूमी म्हणतो. ती वजा केल्याशिवाय खरा स्फोट हाती लागत नाही. दोन सेकंदांच्या आत आटोपला तर बहुधा ताऱ्यांची टक्कर, जास्त चालला तर बहुधा तारा कोसळला. म्हणजे स्फोट संपला असं तुम्ही नेमकं कुठे म्हणता, त्यावर सगळं.

यासाठी सरांनी एक पद्धत घालून दिली होती. आलेखाच्या दोन छापील प्रती काढायच्या. दोघांनी दोन टेबलांवर बसून, एकमेकांचं न बघता, पेन्सिलीनं रेघ मारायची: इथे स्फोट संपला, पुढे नुसती पार्श्वभूमी. रेघा जुळल्या तर ठीक. नाही जुळल्या तर दोन्ही धरून गणित करायचं आणि फरक लिहायचा. बाहेरचे लोक आमच्या पेन्सिलींना हसायचे.

दुसरी प्रत नेहमी अण्णांकडे जायची. अण्णा आमचे तंत्रज्ञ. बेळगावकडचे, घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड, निवृत्तीला वर्षभर राहिलेलं. मोठी पदवी नव्हती, पण पंचवीस वर्षं असले आलेख बघितलेले. रोज अकराला आम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलात उभ्या उभ्या बाय-टू कॉफी घ्यायचो, एकीची दोन अर्धी करून.

त्या वर्षी एक स्फोट आला. सुळका सुईसारखा, जेमतेम दीड सेकंदाचा. माझी फेलोशिप संपत आली होती. देवनहळ्ळीकडच्या एका नव्या संस्थेत जागा होती आणि त्यांनी सांगितलं होतं, ताऱ्यांच्या टकरीवरचा एक लेख स्वीकारला गेला की जागा तुझी. मी सुळक्याच्या पायथ्याशी रेघ मारली. अण्णांची रेघ पार उजवीकडे, वीस सेकंदांच्या आसपास.

मी तोंड सोडलं. सर परगावी होते, मला आवरणारं कोणी नव्हतं. मागे दिसतोय तो फुगवटा पार्श्वभूमीचा आहे, उपग्रह पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्याकडे चाललाय, तिथे पार्श्वभूमी वाढतेच, एवढंही दिसत नाही का तुम्हाला, असं मी सगळ्यांदेखत बोलले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. अण्णांनी चष्मा पुसला, कन्नडात सरी, म्हणजे बरं, पुन्हा बघतो म्हणाले, आणि पाच मिनिटांनी प्रत परत दिली. आता त्यांची रेघ माझ्या रेघेच्या जागीच होती. मी खूश झाले. हे लिहिताना अजूनही लाज वाटते.

लेख गेला. दोन महिन्यांनी परीक्षकाचं पत्र आलं. काम आवडलं होतं, फक्त पार्श्वभूमी कुठून धरली ते आलेखावर दाखवा, एवढंच मागणं होतं. मी अण्णांची प्रत शोधून खिडकीशी नेली. कागद उजेडात तिरका झाला आणि उजवीकडे एक उभी खाच दिसली. पेन्सिल खोडली होती, पण दाब राहिला होता. अण्णा रेघ ठासून मारतात.

दोन दिवस मी ती प्रत खणात ठेवली. कोणी विचारलं नसतं. तिसऱ्या दिवशी मात्र राहवेना. अण्णांची रेघ धरून गणित लावलं, कमी ऊर्जेचे किरण वेगळे काढून बघितले, तर स्फोट काही संपेना. सुळक्यामागे मंद, लांबलचक शेपटी होती, आणि ती मी पार्श्वभूमी म्हणून वजा करून टाकली होती. स्फोट दीड नव्हे, अठरा सेकंद चालला होता. एकूण तेजही मी लिहिलं त्याहून कितीतरी जास्त. माझे दोन तारे बहुधा आदळलेच नव्हते.

अकराला कॉफी समोर आल्यावर मी विचारलं, "अण्णा, तुम्ही ती रेघ का पुसलीत?"

"तुझी नोकरी अडली होती, तेही एक होतंच," ते म्हणाले. "पण तू चिडलीस ना, की माणसाला वाटायला लागतं आपलंच चुकलं. मला खरंच वाटलं, आपले डोळे गेले आता."

नोकरीचं मी पचवलं असतं. डोळ्यांचं ऐकून मात्र तिथेच, चारचौघांत, मला रडू फुटलं. पंचवीस वर्षं कमावलेल्या नजरेवरचा त्यांचा भरवसा मी पाच मिनिटांत घालवला होता. मी माफी मागितली. कॉफी निवतेय, घे, म्हणाले.

लेख मागे घेतला. देवनहळ्ळीची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. सरांनी कशीबशी माझी सहा महिन्यांची सोय केली. लेख नव्यानं लिहिला, लांब स्फोट म्हणून, आणि लेखकांत अण्णांचं नाव घातलं. त्यांनी घरी दाखवायला दोन प्रती नेल्या. मला घोर वेगळाच होता. हा माणूस आता माझ्यासमोर आपल्याला दिसेल तिथे रेघ मारेल का? मी प्रयोगशाळेतल्या पेन्सिली गोळा केल्या आणि बॉलपेनं आणून ठेवली. अण्णा बघून हसले.

त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात आणखी एक स्फोट आला. दोन प्रती, दोन टेबलं. त्यांची रेघ माझ्या रेघेपासून चांगली दहा सेकंद लांब. माझी कानशिलं तापली. जीभ दाताखाली धरून मी दोन्ही गणितं लावली, कमी ऊर्जेचे किरण तपासले. या खेपेला अण्णांचं चुकलं होतं. शेपटी नव्हतीच, फुगवटा खरोखरच किरणोत्सारी पट्ट्याचा होता. मी त्यांची प्रत आणि दोन्ही गणितं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी नीट बघितलं, मान डोलावली, आणि आपल्या चुकलेल्या रेघेखाली तारीख घालून सही केली.