शेपट्या खाणारं भूत

घाटंजीजवळच्या आमच्या शेडात डुकरांच्या शेपट्या नाहीशा व्हायला लागल्या, आणि पहिला संशय माझ्यावर आला.

"तुमीच कापून राह्यले का?" बायकोनं, सुनंदानं, विचारलं.

"मी कायले कापू? भाजी करायले?"

पण प्रकार भयंकर होता. संध्याकाळी धडधाकट असलेलं जनावर सकाळी रक्ताळलेला खुंट घेऊन उभं! तुटलेली शेपटी कुठंच नाही. कडी जशीच्या तशी. आणि डुकरं चिडीचूप. (डुक्कर गप्प बसलं की माणसानं घाबरावं.) मी आत पाय टाकला की सगळे डोळे माझ्यावर, आणि जबडे सावकाश हलताहेत... खायला तर अजून काही टाकलंच नव्हतं!

"बाहेरचं हाये ते," माय म्हणाली. "शेपटीपासून सुरू व्हते, मंग मानसावर येते."

मी मोठ्यानं हसलो. हसता हसता घराचं दार आतून लावून घेतलं.

जखमा चिघळल्या. मलमं झाली, इंजेक्शनं झाली. एकाचे मागचे पायच उचलेनात, ते दगावलं. व्यापारी आला आणि नाक मुरडून म्हणाला, "जखमी माल हाये भाऊ. अर्ध्या भावात देत असान तं बोला."

आता भुताला पकडणं भाग होतं! दाट धुक्याच्या सकाळी काठी घेऊन मी शेडात दबा धरून बसलो. (पायजम्याचा नाडा तुटला होता, म्हणून कमरेला दुपट्टा बांधलेला. टोक मागं लोंबत होतं.) चिटपाखरू बोलत नव्हतं. तेवढ्यात कानामागं गरम श्वास आला. मग कोणीतरी मला मागून ओढलं. आधी हळूच. मग हिसका!

"माय वो, मेलो!"

मी थेट हातपंपावर पोचलो. पायजमा शेडातच राहिला.

सुनंदा मोबाइलचा उजेड पाडत आत गेली. एक डुक्कर डोळे मिटून माझा दुपट्टा चघळत होतं, आणि दुसरं त्याची शेपटी!

जनावरांचे डॉक्टर आले. "एका शेडात इतके कोंबले तं काय करतीन ते? ना हलाले जागा, ना चघळाले काही. एकमेकाले चावतेत."

"मी म्हनलंच होतं, दुसरं शेड बांधा," सुनंदा म्हणाली. "पैसे वाचवून राह्यले होते न?"

शेवटी दुसरं शेड बांधलं, खाली चघळायला सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, पसरलं, आणि चावाचावी थांबली. वाचवलेल्या पैशांच्या दुप्पट तोवर औषधांत आणि पडलेल्या भावात गेले होते.

आता गावात भुताला कोणी भीत नाही. त्या धुक्यात हातपंपावर पाणी भरणाऱ्या बायकांनी जे पाहिलं, त्याच्यापुढं भूत म्हणजे काहीच नाही म्हणे!