सांधेवाल्या रखमाजीचा शब्द

परंदवडीचा रखमाजी खंडाळ्याच्या घाटात रेल्वेवर सांधेवाला म्हणून लागला तेव्हा त्याला इंग्रजीतला एकच शब्द येत होता, पॉइंट. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जिथं वळते तो सांधा म्हणजे पॉइंट. तेवढ्यावर पोट भरत होतं, तर शहाण्या माणसानं गप्प बसावं. पण रखमाजीला नसत्या चौकशांची भारी हौस. एकदा मुंबईच्या पाहुण्यांनी त्याला पॉइंट कुठं आहे म्हणून विचारलं. त्यानं मोठ्या दिमाखानं त्यांना आपल्या सांध्याच्या दांड्यापाशी नेऊन उभं केलं. त्यांना पाहायचं होतं दरीचं टोक. मंडळी पोट धरधरून हसली, आणि त्या दिवसापासून रखमाजी त्या शब्दाच्या मागंच लागला.

स्टेशनातल्या बाबूनं सांगितलं, पेन्सिलीचं टोक तेही पॉइंटच. साहेबलोकांच्या क्रिकेटात एक गडी उभा राहायचा, तोही पॉइंट. दवाखान्यातला कंपाउंडर तापसुद्धा पॉइंटांत मोजायचा. "बारा गावचं पानी प्यालेला शब्द हाय," रखमाजी चहाच्या दुकानात सांगायचा, "पर ह्येचं मूळ गाव कोन्तं?" शेवटी त्यानं पेन्शनीत निघालेल्या आगाशे मास्तरांचा पिच्छा पुरवला. मास्तर म्हणाले, पुण्याला गेलो की मोठा कोश पाहून येईन.

आता त्याच्या कामाविषयी. घाट उतरताना गाडी हाताबाहेर गेली तर तिला अडवायला वाटेत एक रूळ काढलेला होता. तो सरळ डोंगरावर चढायचा आणि तिथंच संपायचा. सांधा कायम त्या चढाकडं लावून ठेवायचा, असा नियम. गाडीनं यावं, पुरतं थांबावं, शिट्टी द्यावी, मगच रखमाजीनं दांडा ओढून खालची वाट मोकळी करावी. पण मालगाडीचा ड्रायव्हर वाहिद लोणावळ्याचा, रखमाजीचा जिवाभावाचा दोस्त. थांबायचं म्हटलं की डब्याडब्याचे हातब्रेक आवळा आणि पुन्हा सोडा, अर्धा तास मोडायचा. म्हणून वाहिद लांबूनच आपली ठरावीक शिट्टी द्यायचा, आणि रखमाजी ती ओळखून सांधा आधीच फिरवून ठेवायचा. सात वर्षं हे चाललं होतं. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट, दोस्ती म्हणतात ती हीच, असंच वाटायचं.

१९२४ सालच्या श्रावणात, भर दुपारी घाटात धुकं दाटलेलं असताना, वाहिदची शिट्टी आली. रखमाजीनं दांडा ओढला. धुक्यातून गाडी बाहेर आली तेव्हा तिचा वेग पाहून तो पुन्हा दांड्याकडं वळला, पण इंजिन सांध्यावर आलेलं होतं. चाकं आवळलेली होती आणि गाडी ओल्या रुळांवरून नुसती घसरत होती. शेवटच्या डब्यावर ब्रेकवाला दत्तोबा दोन्ही हातांनी ब्रेक आवळत होता. जाता जाता त्यानं रखमाजीकडं पाहिलं. पुढच्या वळणावर डबे रूळ सोडून खाली गेले. वाहिद पाय मोडून वाचला. दत्तोबा मेला.

चौकशीच्या आदल्या दिवशी रखमाजी दवाखान्यात गेला. वाहिदनं त्याचा हात धरला. "गाडी थांबली हुती म्हन. मीबी तेच सांगनार. न्हाईतर दोगंबी मरू." दुसऱ्या दिवशी रखमाजी चौकशीच्या साहेबापुढं तेच बोलला. मग साहेबानं लिहिलं, गाडी नियमानं थांबली होती, पुढं ब्रेकवाल्यानं हयगय केली. दत्तोबाची बायको नंदाबाई हिला आठ दिवसांत रेल्वेची खोली सोडायला सांगितलं. बाजारात कुणी म्हणालं, झोप लागली असेल. कुणी म्हणालं, प्यायला असेल. मेलेल्याला तोंड नसतं, आणि जगाच्या तोंडाला हात लावता येत नाही. रखमाजी हे सगळं ऐकत होता.

अशात आगाशे मास्तर पुण्याहून आले ते थेट त्याच्या झोपडीकडं. "सापडलं रे रखमाजी! तुझ्या शब्दाचं मूळ गाव लॅटिन. मूळ अर्थ टोचणं. टोचल्यावर उरतो तो ठिपका, टोचतं ते टोक. बाकीचे अर्थ सगळे मागून आले." इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते कानावर पडलं, पण रखमाजीला आनंद झाला नाही. मास्तरांना बसायलाही न सांगता तो चपला घालून निघाला.

नंदाबाई भांड्यांचं गाठोडं बांधत होती. रखमाजीनं उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं. शिट्टी, सांधा, दवाखान्यातलं बोलणं, काही हातचं राखलं नाही.

"त्यांना घाटाचं लय भ्या वाटायचं," ती म्हणाली. "पर निगताना मलाच धीर द्यायचे. सांध्यावर रखमाजीभाऊ हाय, तू काळजी करू नगंस म्हनायचे."

तिनं गाठोड्याची गाठ आवळली.

"सायबाफुडं बोलाल हे?" तिनं विचारलं.

"उद्याच बोलतो."

तो बोलला. दत्तोबाच्या नावावरचा डाग पुसला गेला. रखमाजीची नोकरी गेली, वाहिदचीही गेली. वाहिदनं पुढं जन्मभर त्याचा रामराम घेतला नाही, आणि रखमाजीनं त्याला कधी दोष दिला नाही.

पुढं म्हातारपणापर्यंत रखमाजी पाहुण्यांचं सामान डोक्यावर घेऊन दरीच्या टोकापर्यंत न्यायचा. तिथून खालची गाडी, बोगदे, पूल, सगळं नीट दाखवायचा. कधी कुणी विचारायचं, तो एक रूळ डोंगरावर चढून मध्येच का संपतो?

"ती गाडी वाचवायची वाट हाय," तो सांगायचा. "एकदा ती मी लावली न्हवती."

मग तो सामान उचलायचा आणि पुढं चालू लागायचा.