दसऱ्याला दिलेला जळका स्विच

माझ्या गाडीची किल्ली बाबांनी काढून घेतली ती एका वाक्यावरून. ते वाक्य बोलणाऱ्याला मी अजून माफ केलेलं नाही.

मी हरसूलच्या एका बँकेत काम करते. नाशिकहून त्र्यंबकमार्गे रोज स्वतः गाडी चालवत जाते. पावसाळ्यात घाटात असं धुकं उतरतं की रस्त्याचा पांढरा पट्टाही दिसत नाही. म्हणून बंपरवर दोन जादा दिवे लावायचं ठरवलं. गाडी बाबांच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनच्या दुकानात नेली. गाडी माझी, पगार माझा, पण तो सगळं बाबांशीच बोलला. मला म्हणाला, "ताई, तुम्ही आत पंख्याखाली बसा ना."

मी बसले आणि काचेतून बघत राहिले. त्याने हेडलाइटची वायर सोलली, तिला नव्या दिव्यांची वायर जोडली, मध्ये एक स्विच टाकला आणि वर टेप गुंडाळली. अर्ध्या तासात काम संपलं. शेवटी बंपरला लिंबू-मिरची बांधली, ती मात्र नीट.

तिसऱ्या दिवशी त्र्यंबकच्या पुढे स्विच तापला. प्लास्टिक जळल्याचा वास आला, डॅशबोर्डखालून धूर निघाला. दिवे बंद करून मी गाडी कडेला घेतली.

दुकानात त्याने वितळलेला स्विच काढला आणि माझ्यासमोरच बाबांना म्हणाला, "साहेब, लेडीज लोकांचं असंच असतं. बटण चालू ठेवून विसरतात. आपलं वायरिंग एकदम ओके आहे."

दोन गिऱ्हाइकं हसली. माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं, पूर्ण, इंग्रजीत. ते मी मराठीत जुळवत होते, तोवर बाबांनी किल्ली खिशात टाकली. "काही दिवस एस.टी.ने जा. नाही जमलं तर बदली मागून घे."

निघताना कचऱ्याच्या डब्यातला तो स्विच मी उचलून पर्समध्ये टाकला.

एस.टी.च्या खिडकीशी बसून मी मोबाइलवर वायरिंग शिकले. चूक साधी होती. जड दिव्यांचा सगळा करंट त्या एवढ्याशा स्विचमधून जात होता. मध्ये रिले हवा होता. मग स्विचने फक्त इशारा द्यायचा, करंट रिलेने वाहायचा. बाबा रविवारी दुपारी झोपले की मी दुसरी किल्ली घेऊन पार्किंगमध्ये जायचे. गाडी कधी चालवली नाही, फक्त बॉनेट उघडलं. बॅटरीपासून नवी जाड वायर घेतली, फ्यूज टाकला, रिले आणि नवा स्विच बसवला. मग इंजिन चालू ठेवून पाऊण तास दिवे लावले आणि बोट स्विचवरच ठेवलं. स्विच गार होता.

दसऱ्याला बाबा दरवर्षी त्याला सोनं द्यायला जातात. या वर्षी मीही निघाले. गाडी बाबांनी चालवली आणि दुकानासमोर उभी केली. आत लाल कापडावर पक्कड, टेस्टर, लोखंडी पाने मांडलेले, सगळ्यांवर हळदीकुंकू आणि झेंडू. माणसंही बरीच होती. मी तेवढ्यासाठीच आले होते.

बाबांचं झाल्यावर मी पुढे झाले. त्याच्या हातात आपट्याची पानं ठेवली, वर तो स्विच ठेवला आणि वाकून नमस्कार केला.

"हे काय, ताई?"

"तुमचंच आहे, काका. रिले नव्हता."

शेजारच्या टेम्पोवाल्याने स्विच उचलून उलटा करून पाहिला. "करंट डायरेक्ट दिला होता का रे? पोरगी जळाली असती की!"

"घाईत राहिला असेल," इलेक्ट्रिशियन म्हणाला.

"मी बटण चालू ठेवून विसरले होते ना?" माझा आवाज बारीक होता, पण ऐकू गेला.

त्याने बाबांकडे पाहिलं, मग पेढ्यांचा बॉक्स माझ्यापुढे धरला. "जाऊ द्या ना ताई, सणाचा दिवस आहे."

मी पेढा घेतला नाही.

बाबांनी बाहेर येऊन बॉनेट उघडलं आणि नव्या जाड वायरवरून बोट फिरवलं. "हे कुणी केलं?"

"मी."

त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली.

मी स्टिअरिंगवर बसले. गाडीचं तोंड दुकानाकडेच होतं. भर दुपारी मी दोन्ही दिवे लावले. त्याने पेढ्यांचा बॉक्स डोळ्यांसमोर आडवा धरला.

"बंद कर आता," बाबा म्हणाले.

केले. जरा वेळाने.