शिळफाट्याच्या जामसाठी केलेली सीडी

केदार गेल्याचं विनीतला मोबाईलवरच्या ग्रुपमधून कळलं. ग्रुपचं नाव 'गाडी'. त्यात माणसं तीनच: विनीत, केदार आणि ठाकुर्लीचा धम्मपाल. कोरोनाची दुसरी लाट होती, अशा बातम्या रोजच येत होत्या. धम्मपालने एवढंच टाकलं होतं, 'केदार गेला रे. पहाटे.' विनीतने ते वाचलं, फोन पालथा ठेवला आणि समोरचा चहा संपवला.

"रडू येत असेल तर रड," त्याची बायको रसिका म्हणाली.

"येत नाहीये," तो म्हणाला. आणि खरंच येत नव्हतं.

तिघांची ऑफिसं ठाण्यात. गाडी विनीतची, सेकंडहँड घेतलेली. धम्मपाल पुढे बसायचा, मानपाड्याला केदार चढायचा आणि मागे डाव्या बाजूला बसायचा. गाडीच्या डिकीत आधीच्या मालकाने हौसेने बसवलेला सीडी चेंजर होता. एका खोक्यात सहा सीड्या भरायच्या, खोकं आत ढकलायचं, की एक संपल्यावर दुसरी आपोआप लागायची. तो इतका जुना होता की पेनड्राइव्ह घेत नसे आणि एमपीथ्रीसुद्धा वाचत नसे. धम्मपाल म्हणायचा, काढून टाक ते धूड. पण केदारला त्याचं वेड लागलं. रविवारी घरच्या कॉम्प्युटरवर तो सीड्या बर्न करायचा, अगदी कमी स्पीडला, म्हणजे गाणी अडकत नाहीत म्हणे. प्रत्येकीवर कागदाचं गोल लेबल चिकटवून त्यावर नाव लिहायचा. 'जाताना'. 'येताना, भूक लागलेली'. 'शिळफाट्याच्या जामसाठी'. ही शेवटची सगळ्यात लांब होती.

आठ-नऊ वर्षं असं चाललं. एवढ्या वर्षांत कोणी कोणाच्या घरी गेलं नाही. तशी वेळच आली नाही.

लॉकडाऊन उठल्यावर ऑफिस पुन्हा सुरू झालं. धम्मपालची बदली कल्याणला झाली होती, त्यामुळे विनीत एकटाच निघायचा. गाडी सुरू केली की चेंजर आपोआप सुरू व्हायचा. विनीत तो बंद करत नसे आणि ऐकतही नसे. एक सीडी संपायची, डिकीत खर्र व्हायचं, दुसरी लागायची. मुंब्रा बायपास कधी मागे पडला हे त्याला माजिवड्याच्या सिग्नलला आल्यावर कळायचं. ऑफिसात कोणी विचारलं तर तो सांगायचा, "ठीक आहे." घरी रसिका विचारायची, तिलाही तेच.

दिवाळीनंतर एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"भाऊजी, मी ऋजुता. केदारची बायको. तुमची गाडी अजून ठाण्याला जाते का?"

"जाते ना, वहिनी."

"मला एकदा न्याल? काम काही नाहीये. नुसतं यायचंय."

ठरल्या दिवशी ती मानपाड्याला उभी होती. विनीतने पुढचं दार उघडलं. तिने विचारलं, "तो कुठे बसायचा?" त्याने मागे हात केला. ती मागे जाऊन बसली.

गाणी चालू होती. शिळफाट्याला ट्रकांच्या रांगेत गाडी थांबली तेव्हा तिने विचारलं, "गाडीत काय बोलायचा तो? आमच्याबद्दल, घराबद्दल?"

विनीतने आठवून पाहिलं. चांगलं काहीतरी रचून सांगावं असंही मनात आलं. पण रचायलासुद्धा काही सुचलं नाही.

"तो झोपायचा, वहिनी," तो म्हणाला. "गाडीत बसला की थोडं काहीबाही बोलायचा, मग हवी ती सीडी लावायला सांगायचा आणि फाटा येईपर्यंत घोरायला लागायचा. येतानाही तेच. आम्ही चिडवायचो त्याला, की मेहनत करून सीड्या बनवतोस आणि ऐकत एकही नाहीस."

त्याने आरशात पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"घरी त्याला झोप नव्हती," ती म्हणाली. "सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, रात्री चारदा हाका मारायच्या. तो मला उठू द्यायचा नाही. गोळ्यासुद्धा घेऊन पाहिल्या त्याने. मला वाटायचं, हा माणूस झोपतो तरी कधी?"

"इथे झोपायचा," विनीत म्हणाला.

"हो. कळलं आता."

बायपासवर डिकीत खर्र झालं, मग परत खर्र, आणि गाणं लागलंच नाही. माजिवड्याला पुलाखाली विनीतने गाडी बाजूला घेतली आणि डिकी उघडली. खोकं निम्मं बाहेर येऊन अडकलं होतं. उन्हाने एका सीडीचं लेबल सुटून आत गुंडाळलं गेलं होतं. त्याने बोटाने ओढायला घेतलं, तशी ऋजुता म्हणाली, "राहू द्या, फाटेल."

"बाकीच्या काढून देऊ का तुम्हाला?"

"नको. घरी कॉम्प्युटरवर आहेत सगळी गाणी." तिने गुंडाळलेल्या लेबलाकडे पाहिलं. "मला वाटलं होतं, तुमच्याकडे त्याचं काहीतरी असेल, मला माहीत नसलेलं. आणि होतंच. झोप होती."

तिथून पुढे यायला ती तयार झाली नाही. रिक्षा करून स्टेशनला गेली. विनीत ऑफिसला पोहोचला, दिवसभर काम केलं, डबा खाल्ला. आपल्याला आता काहीतरी व्हायला हवं, असं त्याला मधूनमधून वाटत राहिलं. झालं काही नाही.

पुढच्या आठवड्यात मानपाड्याच्या मेकॅनिकने चेंजर खोलला. मोटर जळली होती, पार्ट मिळणार नाही म्हणाला. नवीन सिस्टीम टाकू का, असं त्याने विचारलं तेव्हा विनीत नको म्हणाला. मग गाडी तशीच, आवाजाशिवाय, जात-येत राहिली.

एका रविवारी त्याने धम्मपालला फोन केला. "घरी आहेस? येतो."

"माझ्या घरी?" धम्मपाल गडबडला. "ये की. पत्ता पाठवतो."

ठाकुर्लीच्या चाळीतली ती खोली विनीत पहिल्यांदाच बघत होता. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली मुलीच्या बक्षिसांची रांग. धम्मपालला मुलगी आहे एवढं माहीत होतं, ती कबड्डी खेळते हे नव्हतं. त्याच्या आईने, केशरबाईंनी, विनीतला न विचारताच ताट वाढलं.

"एवढी वर्षं एका गाडीत बसलात," त्या म्हणाल्या, "आणि घर आज बघतोस?"

"हो, आई."

"जेव मग."

तो जेवला. भाकरी, सुकट, कांदा. केदारचं नाव कोणी काढलं नाही. जेवण झाल्यावर दोघं मित्र बाहेर गॅलरीत उभे राहिले. धम्मपालने मुलीच्या मॅचबद्दल सांगितलं, कल्याणच्या ऑफिसातल्या साहेबाबद्दल सांगितलं, आणि विनीत ते सगळं ऐकत राहिला. निघताना धम्मपाल म्हणाला, "पुढच्या वेळी रसिकावहिनींना घेऊन ये."

"आणतो," विनीत म्हणाला, आणि जिना उतरला.