बॉयकॉटची बायको

आग लागो त्या बॉयकॉटला! हा शब्द कानावर आला की मालिनीबाईंच्या डोक्यात तिडीक जायची. नवरा, हरिश्चंद्र मास्तर, लांज्याच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून घरी बसलेला. गावाने वाळीत टाकल्यापासून शिकवायला समोर बायकोच तेवढी उरली होती.

झालं होतं एवढंच, की देवराईतली जुनी झाडं भरदिवसा तोडून ट्रकात भरली गेली, आणि पोलिसांनी विचारल्यावर मास्तरांनी पाहिलं ते सांगितलं. पहिलं नाव गावकीच्या पुढाऱ्याचं, बाळा गावकराचं. झालं! काजू गोळा करायला माणूस मिळेना. मासेवाली दाराशी पोचली की पाय उचलायची. शेजारची आनंदीबाई विहिरीवर पाठ करून उभी राहायची. विचारायला जावं तर सगळे साळसूद. "वाळीत? छे हो, कोण म्हणतो?" वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आल्यापासून मेले तोंडाने काही बोलत नाहीत, नुसतं तोंड फिरवतात.

"आयर्लंडात असंच झालं," मास्तर सुरू व्हायचे. "बॉयकॉट नावाचा साहेब जमीनदाराची वसुली करायचा. कुळांना घराबाहेर काढायला निघाला, तेव्हा कुळांनी त्याच्याशी व्यवहारच तोडला. शेतात मजूर नाही, दुकानात सामान नाही. पीक काढायला बाहेरून माणसं आणली, तीही फौजेच्या पहाऱ्यात. शेवटी साहेब देश सोडून गेला आणि त्याच्या नावाचं क्रियापद झालं."

"मग चूक त्याचीच होती की!"

"होती. ते गरिबांचं हत्यार होतं गं. इथे दांडग्यांनी उचललंय."

"आणि त्याची बायको? तिच्याशी कोण बोलत होतं?"

मास्तरांनी इतकी वर्षं शब्द शिकवला, पण हे कधी मनात आलं नव्हतं. मालिनीबाईंना त्या क्षणी नवऱ्याचाही भयंकर राग आला.

शिमगा जवळ आला तशी आनंदीबाई कुंपणापलीकडून, आंब्याकडे बघत बोलली, "बाळा म्हणतो, जबाब मागे घ्या. देवीची पालखी दारात येईल."

मालिनीबाईंनी लग्न होऊन आल्यापासून देवीची ओटी भरली नाही असा एक शिमगा गेला नव्हता. त्या नवऱ्याच्या विनवण्या करून थकल्या, मग भांडल्या, मग अबोला धरला. मास्तर हलले नाहीत.

तरी पालखीच्या दिवशी त्यांनी अंगण सारवलं, रांगोळी काढली, ओटीचं ताट घेऊन उभ्या राहिल्या. आनंदीबाईच्या अंगणात पालखी नाचली. मग ढोल वाजवत मंडळी बाहेर पडली आणि सरळ वरच्या पाणंदीला वळली.

"बाळा!" मालिनीबाई कुंपणाच्या फाटकाशी, बेड्यापाशी धावल्या. "माझं अंगण काय ओस पडलंय? देवीला का नेतोस तिकडून?"

बाळाने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आनंदीबाईला म्हणाला, "सांगा हो त्यांना, कोणी अडवलेलं नाय. देवीचीच मर्जी नाय."

माणसं हसली. खांदेकऱ्यांत लवू होता. त्याच्या बायकोचं बाळंतपण मालिनीबाईंनी केलेलं. तोही हसला.

बाईंच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. मास्तर धावत आले. बायकोला त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं. "पुरे झालं. उद्या ठाण्यात जातो. घेतो जबाब मागे," ते म्हणाले.

बाळा थांबला. हे त्याला नीट ऐकायचं होतं.

"खबरदार!" मालिनीबाई किंचाळल्या. "देवीची झाडं खाल्लीन आणि वर तिचीच मर्जी सांगतोय मेला! उद्या मीही येते ठाण्यात. ट्रक भरताना मी देवराईच्या वाटेने पाणी घेऊन येत होते. तुम्ही दोनच नावं दिलीत, मी पाच जणांना ओळखलंय. आपल्याच गावची माणसं म्हणून इतके दिवस गिळून बसले होते." त्यांनी लवूकडे बोट केलं. "हा पण होता."

ढोल थांबले. लवूने घाईघाईने खांदा बदलला. मालिनीबाईंनी डोळे पुसले आणि बाकीची चार नावं एकेक करून मोठ्याने घेतली.