कम्प्रेशनमामांचं पॅकिंग

शेजारी बाळ जन्मलं की बायका नाक कोणाचं, डोळे कोणाचे ते बघत. आमचे मामा ते रडेपर्यंत थांबत आणि मग निकाल देत, "कम्प्रेशन मस्त हाय पोराचं." पातळ चहा पुढे आला की "याच्यात कम्प्रेशन नाई", आणि पुढाऱ्याचं भाषण ऐकून आले तरी तेच. म्हणून आमचं सगळं आंजी गाव त्यांना कम्प्रेशनमामा म्हणायचं. त्यांचा वांग्या-मेथीचा मळा होता, पण जीव होता तो लग्नाआधी घेतलेल्या फटफटीत. इंजिनात हवा जितकी घट्ट दाबली जाईल तितका गाडीला जोर, आणि त्या दाबण्याला म्हणतात कम्प्रेशन. हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा समजावलं होतं की गोठ्यातल्या म्हशींनाही पाठ झालं असावं.

जोर वाढवायचे त्यांचे सगळे उपाय घरगुती. मामींच्या चमच्याने प्लगच्या भोकातून तेल सोडायचं, भोकावर अंगठा दाबायचा आणि किक मारायची. अंगठा उडाला की स्वारी खूश. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, घासून बसकं करायला अगदी सपाट काच लागते, म्हणून एकदा मामींचा आरसा ओसरीवर आडवा झाला. त्यावर पॉलिश पेपर, पेपरवर हेड, आणि मामा आपले गोल गोल घासतायत. तोवर मामी कुंकू लावायला आमच्याकडे येत.

पण खरी हातोटी पॅकिंगची. सिलिंडरच्या बुडाशी कागदाची एक चकती असते, तिला पॅकिंग म्हणतात. ती पातळ घातली की सिलिंडर जरा खाली बसतो आणि दाब वाढतो. बाजारची चकती मामांना जाड वाटे, म्हणून ते लग्नपत्रिका कापून पॅकिंग करत. मी माझ्या लग्नाची पत्रिका मोठ्या हौसेने द्यायला गेलो, तर मुलगी कुठली, काय करते, काही न विचारता त्यांनी ती दोन बोटांत चोळली. "लय जाड छापली बे. कोन्या कामाची हे?" लग्नाला मात्र आले आणि पोटभर जेवले. मला अजून राग आहे त्याचा.

एवढा खटाटोप होता मामींसाठी. त्यांचं माहेर तळेगावच्या पुढे, घाट चढून वर. दोघं निघाले की घाटात गाडी धापा टाकायची, मामी उतरायच्या, पदर खोचून चालू लागायच्या, आणि मामा एकटेच वर जाऊन त्यांची वाट बघायचे. एकदा मामी अशा चालत असताना भावजयीने एसटीच्या खिडकीतून पाहिलं. झालं, त्या पोचायच्या आत माहेरी सगळे हसून मोकळे. परत आल्यावर मामींनी सांगून टाकलं, "आता या गाडीवर बसीन तं अख्खा घाट बसून चढीन. नाई तं एसटी हाय मले." मामांच्या ते फार जिव्हारी लागलं.

त्याच भावजयीच्या मुलाचं लग्न निघालं आणि मामांनी कंबर कसली. हेड इतकं घासलं, पॅकिंग इतकं पातळ घातलं, की पिस्टन वर येऊन टकाटक हेडला भिडायला लागला. किक उलटून मामांची पोटरी टम्म सुजली. बाजारचं जाड पॅकिंग घातलं तर गाडी पुन्हा मरगळली. आता हवा होता मधल्या जाडीचा कागद. नव्या पत्रिका सगळ्या पुठ्ठ्यासारख्या, आणि भाच्याची पत्रिका तर मामींच्या मोबाइलवर आली, सनईसकट. मामांनी मोबाइल उलटासुलटा करून पाहिला. "आता याचं पॅकिंग कसं कापू?"

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मी गेलो तेव्हा मामा सुटं इंजिन पुढ्यात मांडून बसले होते.

"काऊन तोंड पाडून बसले?" मामींनी विचारलं.

"एसटीनंच जाजो उद्या," मामा म्हणाले.

मामी आत गेल्या. पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक पिवळी पडलेली पत्रिका होती, कोपऱ्याला हळद लावलेली. त्यांच्या स्वतःच्या लग्नाची. मामांनी सवयीने ती दोन बोटांत चोळली आणि तशीच धरून ठेवली.

"बराबर हाय," ते पुटपुटले. "पन हे कापू?"

"कापा. फक्त घाटात मले उतरवू नका."

मामांना इतकं जपून कात्री चालवताना मी कधी पाहिलं नव्हतं.

पुढचं मला मामींनी सांगितलं, आणि कितीतरी वर्षं सांगत राहिल्या. घाटात गाडी पहिल्या गिअरवर कण्हत होती, रस्त्यावरची माकडं खुशाल बसून बघत होती, पण गाडी थांबली नाही. मामी पदर सावरून ताठ बसलेल्या. मामांनी गाडी थेट मांडवात नेली, भावजयीसमोर, आणि वाजंत्रीवाले ओरडले तरी इंजिन बंद करेनात.

मामा मागच्या हिवाळ्यात गेले. हल्ली कोणाचं बाळ रडलं की आम्ही सगळे उगाच एकमेकांकडे बघतो. फटफटी ओसरीवरच असते आणि मामी तिला रोज पुसतात. परवा नाचणगावहून जुन्या गाड्यांचा एक शौकीन आला. गाडीभोवती फिरला, किक दाबून पाहिली, म्हणाला, "मामी, मले द्या. इंजिन खोलतो, नवं पॅकिंग टाकतो, एकदम कोरी करतो."

मामींचा फडक्याचा हात थांबला.

"खोलाचं नाई बाप्पा," त्या म्हणाल्या. "आमचं लगन हाय त्याच्यात."