मंगळवारच्या विमानातली ओटी

ती घटना मला विमानतळावर दर वेळी आठवते, आणि विमानतळावर मी वर्षातून एकदाच जाते, तुमच्याकडे यायला. तपासणीच्या रांगेत उभी राहिले की पायातल्या चपला काढाव्या लागतात का, पाण्याची बाटली चालते का, हे दर ठिकाणी वेगळं असतं. एका ठिकाणी माझी पर्स दोनदा उघडतात. दुसऱ्या ठिकाणी तपासणीवरची मुलगी माझे पांढरे केस बघून हसते आणि "जा आजी" म्हणते. तुम्ही मला विचारलं होतं, "आजी, तू पोलिसात होतीस, मग याने खरंच कोणी सुरक्षित होतं का?" तेव्हा मी विषय बदलला होता. आज उत्तर लिहून ठेवते. कोणाचंही नाव लिहिणार नाही, धावपट्टीचंही नाही.

जिल्हा नवा होता. जुन्या जिल्ह्यातून फायली ट्रकने येत होत्या आणि पत्र्याच्या शेडमध्ये जमिनीवर रचल्या जात होत्या, कारण कपाटं अजून यायची होती. त्यात दुष्काळ. ठाण्याच्या स्टेशन डायरीत चोऱ्यांपेक्षा पाण्यावरच्या भांडणांच्या नोंदी जास्त. जिल्ह्यात महिला फौजदार मी एकटी. तुमचे आजोबा जाऊन तीन वर्षं झाली होती. तुमची आई आठ वर्षांची, नांदेडला माझ्या आईकडे शाळेत. मी सरकारी क्वार्टरमध्ये एक खुर्ची, एक स्टो आणि एक घागर घेऊन राहत असे. रविवारी अहमदपूरमार्गे एसटीने नांदेडला जाऊन यायचं ठरवायची आणि बहुतेक रविवारी टँकरच्या बंदोबस्ताला जायची.

आठवड्यातून दोनदा एक लहान विमान यायचं. औरंगाबादला थांबून मुंबईला जायचं. दुष्काळाची पाहणी करणारे अधिकारी त्यातून यायचे, आणि परत जाताना काही इतर प्रवासीही असत. प्रवाशांची झडती हे काम पोलिसांकडे होतं. एक टेबल, हातात धरायचं एक धातुशोधक यंत्र, आणि बायकांसाठी तारेवर टाकलेली हिरवी चादर. चादरीमागे मी. मी दुसरीकडे बंदोबस्ताला असले, तर बायका तशाच विमानात बसत. यावर कोणी कधी आक्षेप घेतला नाही.

माझ्याबरोबर एक म्हातारे जमादार असत. विमान बघायला आजूबाजूच्या वस्त्यांतली माणसं कुंपणाशी जमायची. जमादार म्हणायचे, "बाईसाहेब, लोक इमान बघून नाही राहिले. इमानाच्या मागं एखादा ढग येतो का, ते बघून राहिलेत."

त्या सुमाराला एका गावात खून झाला. सामाईक विहिरीत मोटार आधी कोणी लावायची यावरून भावकीत भांडण झालं आणि गोळी सुटली. मेलेला आणि मारणारा चुलतभाऊ. मारणाऱ्याला आम्ही दुसऱ्या दिवशी धरलं, पण पिस्तूल मिळेना. घर झाडलं, कडब्याच्या गंजी उलटल्या, विहिरीच्या तळाचा गाळ उपसला. पिस्तूल नाही, आणि पिस्तुलाशिवाय कोर्टात तो सुटणार हे आम्हाला दिसत होतं. सगळ्या रस्त्यांवर नाकाबंदी लावली होती. मुरुडच्या स्टँडवर सुद्धा गाठोडी उघडून बघत होते.

सहाव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. "त्या गावची बाई आजच्या इमानानं वस्तू नेणार हाय," एवढंच बोलून ठेवला.

मी यादी मागवली. नऊ प्रवासी. त्यांत बायका दोन, आणि दोघी त्याच गावच्या.

पहिली आली ती आरोपीची थोरली भावजय. मोठ्या शेतीवाल्या घरातली सून, मुंबईला माहेरी निघालेली. हिरवी साडी, कपाळभर कुंकू, हात भरून बांगड्या. पदराची ओटी पोटाशी घट्ट बांधलेली, आणि तिच्यावर दोन्ही हात. मी यंत्र फिरवलं. ते वाजलं. पण सवाष्ण बाईवर ते नेहमीच वाजायचं: बांगड्या, जोडवी, कमरेची किल्ल्यांची जुडी. त्यामुळे त्याच्या वाजण्याला आम्ही अर्थ देणं कधीच सोडून दिलं होतं.

"ओटी सोडावी लागेल," मी म्हणाले.

तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग गळ्याकडे. युनिफॉर्ममध्ये मी टिकली लावत नसे, आणि गळ्यात काही नव्हतंच.

"हात लावू नगा हो बाई," ती हळूच म्हणाली. "सवाष्णीची ओटी हाय. तुम्हाला काय सांगायचं?"

मुलांनो, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. इंग्रजीतून कायद्याचे पेपर दिलेले. रिकाम्या गळ्यात काही अशुभ नसतं हे मला पक्कं माहीत होतं. तरीही माझा हात मागे आला. तीन वर्षं कुठल्याही हळदीकुंकवाला मला कोणी बोलावलं नव्हतं. मी हात मागे घ्यायला शिकले होते, आणि तो तिथेही तसाच मागे गेला.

"जा," मी म्हणाले.

दुसरी बाई त्या गावच्या आरोग्य केंद्रातली नर्स. चाळिशीची, साधी, बौद्ध कुटुंबातली. हातात घड्याळ, एक कापडी पिशवी आणि स्टीलचा डबा. तिच्यावर यंत्र वाजलं नाही, आणि खरं सांगते, त्यामुळे माझा संशय वाढला. एकीकडे मिळालं नाही म्हणजे दुसरीकडे असणारच, असं मनाने धरलं होतं. मी तिला शेडच्या खोलीत नेलं.

डबा उघडला. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. भाकरीचे तुकडे करून पाहिले. पिशवी टेबलावर उलटी केली. टॉवेल, एक तार, बुद्धाची बोटाएवढी मूर्ती आणि घडी घातलेली पांढरी साडी. साडीची घडी मोडून झटकली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"लागली तर," ती म्हणाली.

मी तार वाचली. आई गंभीर, ताबडतोब निघ, असं भावाने मुंबईहून कळवलं होतं. तिकीटही त्यानेच काढलं होतं.

"तुम्ही त्या जखमीला पाहिलं होतं?"

"माझ्याच टेबलावर मेला तो."

"मग पिस्तूल कुठंय, हे तुम्हाला माहीत असेल."

"मॅडम, मला इमानात बसू द्या. हवं तर पोलीस सोबत द्या, पण बसू द्या. आईची शुद्ध येते नि जाते म्हणून राहिलेत."

"आधी जबाब द्या."

जमादार दारातून म्हणाले, "बाईसाहेब, पायलट घाई करून राहिला. ऊन चढल्यावर उडायला जड जातं म्हणे." मी म्हणाले, "जाऊ द्या त्याला."

विमानाचा पंखा फिरण्याचा आवाज आला. पत्रा थरथरला. आवाज वाढला, मग लांब गेला, मग कुंपणाशी जमलेल्या लोकांचा तेवढा ऐकू येत राहिला. नर्स मान वर करून ऐकत होती. पूर्ण शांत झाल्यावर तिने मोडलेली साडी उचलली आणि परत घडी घालायला लागली. कडा कडेला जुळवून.

"तुम्ही माझी भाकर मोडली," ती म्हणाली. "तिची ओटी नाही सोडली."

मी टेबलावरचे भाकरीचे तुकडे डब्यात भरायला लागले.

"आमच्यात हे ओटीबिटी काही नाही, मॅडम. सुतकही नाही. माझ्या बापानंच सोडलं ते सगळं. पण मी त्या गावात राहते. भावकीतला माणूस जाऊन आज सहा दिवस. सुतकात ओटी कोण भरतं?"

मेलेला त्या भावजयीचा चुलत दीर. दहा दिवस त्या घरात देवाला फूल वाहायचं नाही, तर सुनेची ओटी कोण भरणार? हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्या भावकीची वंशावळ मी स्वतःच्या अक्षरात केस डायरीत लिहिली होती.

"आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही माझा डबा तपासत होता. आणि मला परत त्याच गावात जायचंय."

मी धावत बाहेर गेले. औरंगाबादला बिनतारी संदेश दिला. विमान उतरताच तिथल्या पोलिसांनी तिला खाली घेतलं आणि दोन महिला पंचांसमोर ओटी सोडली. खण, तांदूळ, नारळ, आणि खणात गुंडाळलेलं गावठी पिस्तूल. दोन गोळ्या भरलेल्या. नऊपैकी आठ प्रवासी औरंगाबादपर्यंत त्या पिस्तुलासोबत उडत होते, आणि त्या सगळ्यांची तपासणी झाली होती, अशी माझी सही होती.

नर्सला मी आमच्या जीपने लातूरच्या स्टँडवर सोडलं. जमादारांनी तिच्यासाठी नवी भाकरी शोधून आणली. ती तिने घेतली, खाल्ली नाही. ती दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईला पोचली. तिची आई सकाळीच गेली होती. मंगळवारी संध्याकाळी दोनदा शुद्धीवर आली होती आणि दोन्ही वेळा हिचं नाव घेतलं होतं, हे मला नंतर कळलं.

आरोपीला जन्मठेप झाली. मला प्रशस्तिपत्रक मिळालं. माझ्या अहवालात "खात्रीलायक बातमीदाराकडून माहिती मिळाल्यावरून" असं वाक्य आहे. नर्सनेच जाताना हात जोडून सांगितलं होतं, माझं नाव कुठंच येऊ देऊ नका. ती विनंती मी पाळली. ती मला फार सोयीचीही झाली, हे तुमच्याशिवाय मी कोणाला सांगितलेलं नाही.

महिन्याभराने मी त्या आरोग्य केंद्रात गेले. साध्या साडीत, एसटीने. तिने मला ओळखलं, बाकावर बसवलं आणि माठातून तांब्याभर पाणी दिलं. त्या उन्हाळ्यात त्या गावाला चार दिवसांआड टँकर येत होता. मी पाणी हातात धरून बसले. माफी मागायची वाक्यं पाठ करून आणली होती, ती नीट आली नाहीत.

ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही माझी झडती घेतली, त्याचं मला काही नाही. ती तुमची नोकरी. तिची घेतली असती, तर मी आईला भेटले असते." मग म्हणाली, "पाणी प्या. टाकू नका."

मी प्यायले.

त्यानंतर मी यादीच्या क्रमाने प्रत्येक बाईची सारखी झडती घ्यायला लागले. ओट्या स्वतः सोडायची आणि स्वतः परत बांधायची. गाठ तशीच्या तशी बसावी म्हणून घरी एकटीने उशीला पदर बांधून सराव केला. माझ्याविरुद्ध तक्रारी गेल्या. एका बाईने विमानात बसण्याआधी तांदूळ माझ्यासमोर ओतून टाकले. मी ते झाडून घेतले आणि पुढच्या नावाला हाक मारली. पण मी टँकरच्या बंदोबस्ताला असले, की चादरीमागे तेव्हाही कोणीच नसे.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे. तपासणीने माणूस वाचतो, पण ती सगळ्यांची झाली तर. आमच्या चादरीमागे तसं नव्हतं. जिची झडती घ्यायला माझा हात कचरला, ती पुढे गेली, आणि जिच्यासाठी हात कचरण्याचं मला काही कारण वाटलं नाही, ती मागे राहिली. यंत्र त्या दिवशी बरोबर वाजलं होतं.

मागच्या वर्षी तुमच्याकडे येताना माझ्या पिशवीत तुमच्या आईसाठी खण आणि मूठभर तांदूळ होते, रुमालात गाठ मारून. नारळ नेऊ देत नाहीत, म्हणून सुपारी. मी लेकीची ओटी भरते. कोणाला विचारत नाही. तपासणीच्या मुलीने रुमाल हातात घेतला, गाठ पाहिली आणि परत ठेवायला लागली.

"आजी, हे देवाचं दिसतंय. राहू द्या."

माझ्या मागे एक बाई उभी होती. एकटी, घाबरलेली, हातात स्टीलचा डबा.

"सोड गाठ, बाळा," मी म्हणाले. "मला परत बांधता येते."